मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती आणि घरून निघायचं कधी

ताई न्यू जर्सीला स्थायिक झाल्यापासून आमच्या घरात आई-बाबांच्या प्रवासाची तयारी माझ्याकडे असते. पहिल्या खेपेला बाबांनी विचारलं होतं, "किती तासांचा प्रवास आहे?" तिकिटावर पाहून मी सांगितलं, साडेसोळा. प्रत्यक्षात कोथरूडचं दार ओढून घेतल्यापासून एडिसनला ताईच्या घरात पाऊल टाकेपर्यंत सत्तावीस तासांहून जास्त गेले. मधल्या अकरा तासांची कुणी कल्पनाच दिली नव्हती, म्हणून त्यांची सोयही केलेली नव्हती. बाबांची गोळी चुकली, आईचे पाय सुजले. तेव्हापासून मी हा हिशेब कागदावर, पायरीपायरीने करते. तो इथे सविस्तर देते आहे. उदाहरण मुंबई-न्यूयॉर्कचं आहे, पण रीत कुठल्याही दोन लांबच्या शहरांना लागू पडते.

पायरी १: अंतर दोऱ्याने मोजा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कवर पट्टी ठेवली, तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया, मग अटलांटिक अशी जाते. विमान त्या वाटेने जात नाही, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना उत्तरेकडचा भाग ओढून-ताणून मोठा केलेला असतो. खरी जवळची वाट पाहायची तर पृथ्वीगोल हवा.

आमच्याकडे शाळेतला जुना पृथ्वीगोल आहे, ३० सेंटीमीटर व्यासाचा. आईने शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं आणि दुसरं न्यूयॉर्कवर आणून दोरा ताणला. ताणल्याबरोबर तो आपोआप वर सरकला. अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या अगदी जवळून रशिया, फिनलंडचं दक्षिण टोक, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं खालचं टोक आणि मग कॅनडावरून न्यूयॉर्क. आई बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत राहिली. "म्हणजे आपण उत्तरेला जाऊन पश्चिमेला उतरतो," ती म्हणाली. अगदी बरोबर. मुंबईतून निघताना ही वाट पश्चिमेपेक्षा उत्तरेकडेच जास्त झुकलेली असते आणि तिचं सर्वात वरचं टोक जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत, आइसलँडच्या आसपास पोचतं.

दोरा पट्टीवर मोजला तर साधारण साडेएकोणतीस सेंटीमीटर भरतो. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा घेर सुमारे ९४ सेंटीमीटर आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे एक सेंटीमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार करा: साडेबारा हजार किलोमीटर. घरात नातवंडं असतील तर हे त्यांच्याकडून करून घ्या. आजी-आजोबा कुठून कुठे येताहेत हे त्यांना एका दोऱ्यात कळतं.

नेमका आकडा हवा असेल तर कॅल्क्युलेटर लागेल. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्याने रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा (साइन आणि कोसाइन म्हणजे कॅल्क्युलेटरवरची sin आणि cos ही बटणं) गुणाकार करा: ०.३२७ × ०.६५१ = ०.२१३. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार: ०.९४५ × ०.७५९ × (−०.८३५) = −०.५९९. दोन्हींची बेरीज −०.३८६. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन ११२.७ अंशांचा. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर. कोणत्याही दोन शहरांसाठी उत्तर २०,००० किलोमीटरच्या वर गेलं तर कुठेतरी चूक झाली समजा. पृथ्वीच्या अर्ध्या घेराहून दूर असं गावच नाही.

संकेतस्थळांवर हेच अंतर कधी मैलांत दिसतं (सुमारे ७,७९०), कधी सागरी मैलांत (सुमारे ६,७७०). सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. तीन ठिकाणी तीन आकडे दिसले तर गोंधळून जाऊ नका, आधी एकक बघा.

पायरी २: अंतरावरून वेळ काढा आणि वाऱ्याला विसरू नका

मोठी प्रवासी विमानं वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. १२,५३० भागिले ९०० म्हणजे सुमारे चौदा तास. वर चढायला, उतरायला आणि धावपट्टीपर्यंत सरपटत जायला अर्धा तास धरा. झाले साडेचौदा. मग तिकिटावर जाताना सोळा-साडेसोळा आणि येताना चौदा-साडेचौदा का लिहिलेलं असतं?

पहिलं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर, येताना पाठीवर. संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी ६० किलोमीटरचा वारा धरला तर जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८४० राहतो, येताना ९६० होतो.

दुसरं कारण वाट. दोऱ्याने दाखवलेली वाट कागदावरची आहे. प्रत्यक्षात कुणाच्या हद्दीवरून उडता येतं यावर सगळं अवलंबून. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यानंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. २०२५च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हद्द बंद केली. त्याचा फटका दिल्लीला जास्त बसला. अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबावं लागलं. मुंबईहून निघणाऱ्या विमानाला अरबी समुद्र ओलांडून ओमानच्या बाजूने जाण्याची सोय असते, म्हणून आपल्याला तुलनेने झळ कमी. तरी पश्चिम आशियात काही भडकलं की ती वाटही वाकडी होते. जून २०२५मध्ये कतारने आपलं आकाश काही तास बंद केलं, तेव्हा दोह्यात विमान बदलणारे कितीतरी प्रवासी अडकले होते.

म्हणून अंतरात ५ टक्के वळसा धरा: सुमारे १३,१६० किलोमीटर. भागिले ८४०, अधिक अर्धा तास: सोळा तासांच्या थोडं वर. येताना भागिले ९६०, अधिक अर्धा तास: सव्वाचौदा तास. तिकिटावरचे आकडे याच्याच आसपास येतील. नाही आले तर त्या तिकिटात एखादा थांबा लपलेला आहे का ते बघा. "एकच विमान, एकच क्रमांक" असूनही मध्ये उतरणारी उड्डाणं असतात.

पायरी ३: घड्याळं जुळवा

गोंधळाचं मूळ इथे आहे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. दोन्हींची थेट वजाबाकी केली की उत्तर हमखास चुकतं.

भारत जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणजे फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. भारतात असं काही नसल्याने आपल्याला हे आठवत नाही. मार्च किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीचं तिकीट असेल तर हे दोन रविवार दिनदर्शिकेवर लाल पेनने करून ठेवा.

मी सगळ्या वेळा आधी जागतिक वेळेत आणते. समजा, विमान १२ जानेवारीला मध्यरात्रीनंतर १:३० वाजता मुंबईहून सुटतं आणि १२ जानेवारीलाच सकाळी ७:३० वाजता न्यूयॉर्कला पोचतं. पाहणाऱ्याला वाटेल सहा तास. १:३० मधून साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ ११ तारखेचे रात्री ८. न्यूयॉर्कच्या ७:३० मध्ये पाच मिळवले की १२ तारखेचे दुपारी १२:३०. मधलं अंतर साडेसोळा तास. परतताना न्यूयॉर्कहून सकाळी ११:३०ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३०ला मुंबई, म्हणजे साडेचौदा तास. एवढी दोन उदाहरणं कागदावर करून बघा, पुढे कधी अडणार नाही.

यातला एक सापळा मी स्वतः अनुभवला आहे, म्हणून जरा थांबून सांगते. १२ तारखेच्या मध्यरात्री १:३० म्हणजे घरून निघायचं ११ तारखेला संध्याकाळी. मी गाडी १२ तारखेच्या संध्याकाळची सांगून ठेवली होती. ११ तारखेला सकाळी आईची मैत्रीण निरोप द्यायला आली, तिने सहज तिकीट हातात घेतलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आज रात्रीचं आहे." पुढचे आठ तास कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. मुंबईहून अमेरिका-युरोपला जाणारी बरीच उड्डाणं रात्री बारा ते पहाटे पाचच्या दरम्यान असतात. तिकीट हातात आल्याबरोबर त्यावर पेनने लिहा: "घर सोडायचं: अमुक वार, अमुक तारीख, संध्याकाळी इतके वाजता." विमानाची तारीख लक्षात ठेवू नका, घर सोडायची ठेवा.

पायरी ४: थेट की एका थांब्याचं?

थांबा घेतला की खूप लांबून जावं लागतं असं वाटतं. आकडे तसं सांगत नाहीत. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन-न्यूयॉर्क सुमारे ५,५४०. बेरीज १२,७४०, थेट वाटेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गे सुमारे १,९३० अधिक ११,०१०, म्हणजे चारशेच्या आसपास जास्त. उडण्यात अर्ध्या तासाचाही फरक पडत नाही. वेळ जातो तो जमिनीवर.

समजा, पहाटे ४:३०ला मुंबई सोडली, सव्वातीन तासांनी दुबई (तिथल्या घड्याळात ६:१५), सव्वादोन तास थांबून ८:३०ला दुसरं विमान, ते सव्वाचौदा तासांनी न्यूयॉर्कला दुपारी १:४५ वाजता. एकूण पावणेवीस तास. थेट विमानापेक्षा सव्वातीन तास जास्त. तिकीट बरंच स्वस्त असेल तर धडधाकट माणसाने हे खुशाल घ्यावं.

आई-बाबांसाठी माझं मत वेगळं आहे. सत्तरीच्या पुढे गुडघे दुखत असतील आणि इंग्रजीची धास्ती असेल, तर थेट विमानासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी द्यावेत. अशा प्रवासात घाबरगुंडी उडते ती परक्या विमानतळावर दरवाजा शोधताना. थेट सेवा चालू-बंद होत असतात, म्हणून दर वेळी नव्याने चौकशी करा. थांबा घ्यावाच लागला तर तीन ते चार तासांचा घ्या. दीड तासाचा थांबा कागदावर चांगला दिसतो, पण पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की संपलं. आठ-दहा तासांचा थांबाही नको, म्हातारपणी खुर्चीत बसून ताटकळणं उड्डाणाहून जास्त थकवतं.

दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर, एकाच आरक्षण क्रमांकावर असली पाहिजेत. वेगवेगळी घेतली आणि पहिलं चुकलं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी राहत नाही, सामानही मध्ये स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. दोन थांबे असलेली तिकिटं घेताना फ्रँकफर्ट आणि पॅरिससारखी दोन शेंगेन शहरं (एकाच सामाईक व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांतली) एकापाठोपाठ आली, तर तो त्या देशांत प्रवेश धरला जातो आणि शेंगेन व्हिसा लागतो. अशी तिकिटं स्वस्त दिसतात, त्यांच्यापासून लांब राहा.

अबुधाबीमार्गे जाण्याचा एक फायदा पुष्कळांना ठाऊक नसतो. तिथे २०१४पासून अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबुधाबीतच होते. न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. फक्त त्या तपासणीसाठी थांबा पुरेसा मोठा हवा.

पायरी ५: दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडा

आता खरा हिशेब. विमान १:३०चं, आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे १०:३०. मी १० धरते. कोथरूडहून मुंबईचा टर्मिनल २ गाठायला एरवी चार तास. पावसाळ्यात, जोडून सुट्ट्या आल्या असतील तेव्हा किंवा शुक्रवारी संध्याकाळी बोरघाटात गाड्या खोळंबतात, तेव्हा सहा तास धरा. नाशिककरांनी कसारा घाटाचा आणि कोल्हापूरकरांनी पुण्याच्या आधीच्या वाहतुकीचा वेळ यात मिळवावा. कोल्हापूरहून येणार असाल तर वाटेत पुण्यात नातेवाइकांकडे दुपारची विश्रांती घेऊन निघा, पाठीला बरं पडतं.

देशांतर्गत विमानाने मुंबईला येऊन पुढे जाणार असाल तर उतरण्याचं ठिकाण नीट वाचा. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ मध्ये गाडीने जावं लागतं आणि डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. "मुंबई" एवढंच वाचून थांबू नका.

न्यूयॉर्कला उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि सामान यांसाठी दीड ते दोन तास. पुढे शिकागो किंवा डॅलसला जायचं असेल तर हे सगळं न्यूयॉर्कलाच होतं. पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टम पार करायचं, बॅगा पुन्हा द्यायच्या. त्यासाठी निदान तीन तास ठेवा. केनेडी विमानतळाहून एडिसनला गाडीने एक ते दीड तास. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना नेवार्क विमानतळ बराच जवळ, शहराच्या वाहतुकीतून जावं लागत नाही. तिकीट थोडं महाग असलं तरी तो पर्याय बघा.

बेरीज: ११ तारखेला संध्याकाळी ६ वाजता घर सोडलं आणि १२ तारखेला सकाळी ११ वाजता एडिसन. भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ. साडेसत्तावीस तास. आई-बाबांना हाच आकडा सांगा.

पायरी ६: गोळ्यांचं वेळापत्रक

ही पायरी बहुतेक जण गाळतात. बाबा रक्तदाबाची गोळी रोज सकाळी ८ वाजता घेतात. ११ तारखेला पुण्यात ८ला घेतली आणि १२ तारखेला न्यूयॉर्कच्या घड्याळात ८ वाजायची वाट पाहिली, तर दोन गोळ्यांत साडेचौतीस तास जातात. येताना उलट, घड्याळ पाहून घेतली की गोळ्या साडेतेरा तासांनीच पोटात जातात. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी हा फरक धोक्याचा आहे. निघण्याच्या पंधरा दिवस आधी तिकिटाची प्रत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि कुठली गोळी कोणत्या वेळी घ्यायची हे लिहून आणा. आम्ही बाबांच्या हातातलं घड्याळ ताईच्या घरी पोचेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवतो. औषधं हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगेत कधीही नाही.

व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा आणि दोन दिवस आधी फोन करून खात्री करा. आई आधी संकोचायची. केनेडी विमानतळावरचं चालणं एकदा अनुभवल्यावर तिनेच दुसऱ्या खेपेला आठवण केली.

पायरी ७: विमानातली लांब रात्र

जानेवारीत रात्री दीडला मुंबईहून निघालेलं विमान अंधाराबरोबरच पश्चिमेला सरकतं. न्यूयॉर्कला त्या दिवसांत सूर्य सव्वासात-साडेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे उतरेपर्यंत बाहेर रात्रच. सलग झोपायचा हट्ट धरू नका. पहिलं जेवण, पाच तास झोप, मग उठून फेऱ्या, पुन्हा तीन-चार तास झोप, असे तुकडे करा. दर दोन तासांनी उठून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत चालून यायचं, बसल्या जागी घोटे फिरवायचे, पाणी थोडं थोडं पीत राहायचं. पायांच्या शिरांचा त्रास असेल तर दाब देणारे मोजे डॉक्टरांना विचारून घ्या. जागा मधल्या वाटेजवळची निवडा. खिडकी हौसेची असली तरी दोन अनोळखी माणसांना उठवायला लागतं म्हणून आई पहिल्या खेपेला दहा तास जागची हलली नव्हती.

उतरल्यावर शरीराला संध्याकाळचे सहा वाटतात आणि बाहेर सकाळ असते. दुपारी तासाभराची डुलकी चालेल, पण रात्री आठपर्यंत उन्हात-उजेडात राहा. भारतात परतल्यावर झोप जुळायला जास्त दिवस लागतात, म्हणून परतल्यावर पहिला आठवडा लग्न-मुंजी, बँकेची कामं काही ठेवू नका.

पायरी ८: पर्समधला कागद

फोनची बॅटरी संपते, विमानतळावरचं वायफाय जुळत नाही. म्हणून वरचा सगळा हिशेब मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या दोन प्रती करते. एक आईच्या पर्समध्ये, एक बाबांच्या खिशात. यंदाचा कागद असा आहे:

घर सोडायचं: रविवार, ११ जानेवारी, संध्याकाळी ६.
विमानतळ: मुंबई, टर्मिनल २, रात्री १०.
विमान: रात्री १:३० (तारीख १२ लागते).
बाबांची गोळी: विमानात, हातातल्या घड्याळात सकाळी ८ वाजता, नाश्त्यानंतर.
न्यूयॉर्क: हातातल्या घड्याळात संध्याकाळी ६, तिथे सकाळी ७:३०.
व्हीलचेअरवाला येईपर्यंत जागेवरून उठायचं नाही.
बॅगा: दोन मोठ्या, हँडलला लाल रिबन.
ताई बाहेर उभी असेल. उशीर झाला तरी ती तिथेच थांबणार आहे.